धंदा मुंबईत, कागद सिंगापुरात: स्टार्टअपचा पैसा नक्की फिरतो कसा

झेप्टो सुरू झाली मुंबईत, कोरोनाच्या काळात, कॉलेज अर्धवट सोडून आलेल्या दोन पोरांनी, किराणा दहा मिनिटांत घरपोच. गोदामं इथली, डिलिव्हरी करणारी मुलं इथली, गिऱ्हाईक इथलं, पैसे रुपयात. आणि तरी २०२४ पर्यंत या सगळ्याची मालक असलेली कंपनी होती सिंगापुरात. फ्लिपकार्टचं वर्षानुवर्षं तेच, फोनपेचं २०२२ पर्यंत तेच. अशी बातमी आली की बहुतेक लोक एकाच वाक्यात विषय संपवतात, "टॅक्स वाचवायला गेले असणार". टॅक्स त्यात आहेच, पण तेवढंच धरून बसलं तर मुख्य गोष्ट हातातून सुटते. सिंगापूर जगाला जे विकतं ते म्हणजे कागदावर लिहिलंय तसंच घडेल याची खात्री, आणि ती त्यांनी पन्नासएक वर्षं कायदे बदलत, सरकारी पैसा ओतत, बांधत आणलीय. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की ही खात्री मुळात पैसा घालणाऱ्यासाठी आहे. काम करणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही, आणि हे आपल्याकडच्या पोरापोरींना कुणी नीट सांगत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी रचना बघू, ती तशी सोपी आहे. वर सिंगापूरची कंपनी. तिच्याखाली, तिच्याच शंभर टक्के मालकीची, भारतातली कंपनी. इन्व्हेस्टर पैसे घालतो वरच्या कंपनीत आणि त्याला शेअरही वरच्याच कंपनीचे मिळतात, फाउंडरचे शेअर पण तिथेच, मग वरची कंपनी तो पैसा खालच्या कंपनीत भांडवल म्हणून पाठवते आणि त्यातून इथले पगार, भाडी, जाहिराती भागतात. म्हणजे नोकऱ्या खाली आणि मालकी वर. आधी भारतात सुरू झालेली कंपनी नंतर अशी बाहेरच्या कंपनीच्या पोटात घातली की त्याला या धंद्यात फ्लिप म्हणतात. आणि हे फक्त आपलेच लोक करतात असं नाही, इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, तिकडच्याही कितीतरी स्टार्टअपची वरची कंपनी सिंगापूरचीच असते. सिंगापूर स्वतः केवढं, तर बृहन्मुंबईपेक्षा थोडं मोठं, वस्ती साधारण ६० लाख. एवढ्या गिऱ्हाइकांवर अब्ज डॉलरची कंपनी उभी राहत नाही हे तिथल्या प्रत्येक फाउंडरला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे ऑफिस आणि कागद सिंगापुरात, बाजार जकार्ता, मनिला, हो चि मिन्ह सिटीत. एकट्या इंडोनेशियात २८ कोटी लोक आहेत.

मग कागद तिथेच का, जकार्तात का नाही, मुंबईत का नाही?

काही कारणं उघड आहेत. कारभार इंग्रजीत, कायदा इंग्लंडच्या वळणाचा, त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कच्या वकिलाला तो परका वाटत नाही. १९७८ पासून तिथे परकीय चलनावर बंधनं नाहीत, डॉलर आणा, डॉलर न्या, कुणी अर्ज मागत नाही. कंपनीच्या नफ्यावर १७ टक्के टॅक्स, आणि नवीन कंपनीला पहिली तीन वर्षं पहिल्या एक लाख सिंगापूर डॉलरच्या नफ्यातला ७५ टक्के भाग माफ. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर टॅक्सच नाही, डिव्हिडंडवर नाही. भारताबरोबरच्या करारामुळे तर अजून एक फायदा होता, सिंगापूरमार्गे आलेल्या इन्व्हेस्टरने भारतीय कंपनीचे शेअर नफ्यात विकले तर भारतात त्यावर टॅक्स लागत नव्हता, आणि सिंगापुरात तर नव्हताच. तो करार २०१६ मध्ये बदलला, १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताचा हक्क परत आला. आता गंमत बघा, टॅक्सचा एवढा मोठा फायदा गेल्यावरही कंपन्या तिकडे जात राहिल्या. नुसता टॅक्स असता तर तेव्हाच रांग आटली असती.

आपल्याकडे त्याच काळात काय चालू होतं तेही बघायला हवं. २०१२ मध्ये भारतात ज्याला लोक एंजल टॅक्स म्हणायला लागले तो आला. कल्पना अशी की स्टार्टअपने शेअर सरकारच्या हिशोबातल्या वाजवी किमतीपेक्षा महाग विकले, तर वरचा पैसा कंपनीचं उत्पन्न धरायचा आणि त्यावर टॅक्स लावायचा. हेतू काळा पैसा पकडायचा होता. पण नव्या कंपनीची किंमत ही पुढच्या दहा वर्षांच्या आशेवर ठरते, आज तिच्याकडे चार लॅपटॉप आणि एक ॲप असतं, मग वाजवी किंमत कोण आणि कशावरून ठरवणार? प्रामाणिक फाउंडर नोटिसांना उत्तरं देत बसले. २०२३ मध्ये तर तो परदेशी इन्व्हेस्टरलाही लागू केला, आणि २०२४ च्या बजेटमध्ये अखेर सगळ्यांसाठीच काढून टाकला. बारा वर्षं. माझ्या मते या बारा वर्षांनी सिंगापूरचा जेवढा प्रचार केला तेवढा त्यांच्या सरकारने जाहिराती देऊनही झाला नसता.

आणि भांडण झालं तर? इन्व्हेस्टर हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये विचारतो, आपल्याला तो अपशकुनी वाटतो, पण त्याला विचारावाच लागतो. सिंगापुरात १९९१ पासून एक आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र चालतं, सियाक म्हणतात त्याला, कोर्टाबाहेर पण कोर्टासारखाच बांधील निकाल देणारं. हे आपल्याकडे सगळ्यांना कळलं ते ॲमेझॉन आणि फ्यूचर ग्रुपच्या भांडणात. ॲमेझॉनने २०१९ मध्ये फ्यूचरच्या एका कंपनीत साधारण १४०० कोटी रुपये घातले, करारात अट अशी की बिग बझार चालवणारी रिटेल कंपनी अमुक लोकांना विकायची नाही. ऑगस्ट २०२० मध्ये फ्यूचरने २४,७१३ कोटींना धंदा रिलायन्सला विकायचं ठरवलं. ॲमेझॉन सियाककडे गेली, कारण करारात लवाद नवी दिल्लीत पण सियाकच्या नियमांप्रमाणे असं लिहिलेलं होतं. तिथल्या तातडीच्या लवादाने ऑक्टोबर २०२० मध्ये व्यवहार थांबवा म्हणून आदेश दिला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने तो आदेश भारतात लागू होतो असं सांगितलं. दोन्ही बाजूंचा धंदा भारतात, दुकानं भारतात, लवाद बसणार दिल्लीत, आणि नियमांचं पुस्तक सिंगापूरचं! अर्थात या विजयाने ॲमेझॉनच्या हाती दुकानं काही आली नाहीत, कर्ज देणाऱ्या बँकांनी पुढे रिलायन्सचा सौदा नाकारला, फ्यूचर रिटेल दिवाळखोरीत गेली. कागद भक्कम असला म्हणून धंदा वाचतो असं नाही.

आता पैसा येतो कुठून ते. पेपरात "अमुक फंडाने ५ कोटी डॉलर गुंतवले" असं येतं तेव्हा तो पैसा त्या फंड चालवणाऱ्यांचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी, सरकारी तिजोऱ्या, हे लोक पैसा देतात. फंड चालवणारे तो साधारण दहा वर्षांसाठी घेतात, दरवर्षी त्यावर २ टक्क्यांच्या आसपास फी घेतात आणि शेवटी नफ्यातला २० टक्के हिस्सा. हे दहा वर्षांचं घड्याळ फार महत्त्वाचं आहे. पहिली चार-पाच वर्षं पैसा लावायचा, पुढच्या पाच वर्षांत तो वाढवून बाहेर काढायचा, म्हणजे कंपनी कितीही छान, शांतपणे, थोड्या नफ्यात चालत असली तरी फंडाच्या कामाची नाही, तिला विकावं लागतं नाहीतर शेअर बाजारात आणावं लागतं. फंडाच्या २० कंपन्यांतल्या बऱ्याच बुडणार हे त्यांनी धरलेलंच असतं, एखाद-दुसरी तीसपट झाली की हिशोब बसतो. म्हणून ते प्रत्येक कंपनीला जोरात पळायला लावतात. फाउंडरला वाटतं आपल्यावर विश्वास आहे म्हणून एवढा पैसा दिला, विश्वास असतोही, पण पळण्याचा वेग त्या घड्याळाने आधीच ठरवलेला असतो.

सिंगापूरचं वेगळेपण हे की या रांगेत सगळ्यात पुढे तिथलं सरकार स्वतः उभं राहिलं. टेमासेक ही सरकारी मालकीची गुंतवणूक कंपनी १९७४ मध्ये सुरू झाली, ३५ कंपन्यांतले सरकारी शेअर सांभाळायला, तेव्हा त्यांची किंमत ३५.४ कोटी सिंगापूर डॉलर होती. मार्च २०२५ ला तोच पोर्टफोलिओ ४३४ अब्ज सिंगापूर डॉलरचा. दुसरी जीआयसी, १९८१ ची, देशाची परकीय गंगाजळी गुंतवणारी, फ्लिपकार्टने २०१४ मध्ये मोठा पैसा उचलला त्यात हिचाही पैसा होता. पण हे झाले हत्ती. लहान कंपन्यांचं काय? साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड ज्यांना आठवतं त्यांना क्रिएटिव्ह ही कंपनी आठवेल, नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरला आवाज आला तो तिच्यामुळे, ती सिंगापूरची, आणि १९९२ मध्ये नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारात गेलेली पहिली सिंगापुरी कंपनी. पण तिच्यामागे दुसऱ्या दहा उभ्या राहिल्या नाहीत, शिकलेली मुलं बँकेत नाहीतर सरकारी नोकरीत जायची. १९९९ मध्ये सरकारने १ अब्ज अमेरिकन डॉलरचा फंड काढला, जगातल्या व्हेंचर फंडांना, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या फंडांना, पैसा द्यायचा आणि त्या बदल्यात त्यांनी सिंगापुरात ऑफिस थाटायचं. लगेच डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या भावांचा, फुगा फुटला.

त्यांनी सोडलं नाही पण. २००८-०९ च्या सुमारास, जगभर मंदी असताना, इस्रायलच्या धर्तीवर एक योजना आणली जी मला आजही फार हुशारीची वाटते. खाजगी इन्क्युबेटरने, म्हणजे नवख्या कंपन्यांना हाताला धरून उभं करणाऱ्या संस्थेने, स्टार्टअप निवडायची, त्याने १५ टक्के पैसा घालायचा, ८५ टक्के सरकार घालणार, पाच लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. कंपनी बुडाली तर जास्त नुकसान सरकारचं. कंपनी चालली तर तीन वर्षांच्या आत इन्क्युबेटरने सरकारचे शेअर मूळ रक्कम आणि थोड्या व्याजात विकत घ्यायचे, म्हणजे नफ्याची मलई खाजगी माणसाला. आपल्याकडे असं काही केलं तर दुसऱ्या दिवशी घोटाळा म्हणून आरडाओरडा होईल. पण त्यामागचा विचार सरळ होता, सरकारला कंपन्या निवडता येत नाहीत, ते काम ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत त्यालाच जमतं, सरकारने फक्त त्याची भीती कमी करायची. २०११ मध्ये आयर राजा भागातली ब्लॉक ७१ नावाची जुनी औद्योगिक इमारत, जी पाडायचं चाललं होतं, ती सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ आणि सिंगटेल या टेलिफोन कंपनीच्या फंडाने मिळून स्टार्टअपना स्वस्तात भाड्याने दिली आणि बघता बघता ती भरली. विद्यापीठ पोरांना वर्षभर सिलिकॉन व्हॅलीत स्टार्टअपमध्ये काम करायला पाठवायचं, कॅरोसेल हे जुन्या वस्तू विकायचं ॲप काढणारे तिघे त्याच वाटेने आलेले.

कायद्याची बाजूही ते सांभाळत राहिले. २०१८ मध्ये तिथल्या लॉ अकॅडमीने आणि व्हेंचर फंडांच्या संघटनेने मिळून गुंतवणुकीच्या करारांचे तयार नमुने सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध करून दिले, नाहीतर लहान स्टार्टअपचा अर्धा पैसा वकिलातच जातो. जानेवारी २०२० पासून फंडांसाठी कंपनीचा एक नवा प्रकार आणला, तेव्हापासून असे हजाराहून जास्त फंड नोंदले गेले. यातलं एकही काम पहिल्या पानाची बातमी होण्यासारखं नाही, पण पैसा अशाच ठिकाणी मुक्काम करतो.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण नोकरी करणाऱ्याच्या कामाचं हेच आहे.

कंपनी पैसे राऊंडने उचलते. आधी सीड, मग सिरीज ए, बी, सी असं. समजा इन्व्हेस्टरने ५ कोटी डॉलर देऊन १० टक्के शेअर घेतले, तर पेपरात येतं की कंपनीचं व्हॅल्युएशन, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत, ५० कोटी डॉलर. म्हणजे कुणी ५० कोटी दिलेत का? नाही, ५ कोटीच दिलेत, बाकी गुणाकार. आणि त्या गुणाकारातही एक गडबड असते, इन्व्हेस्टरने घेतलेला शेअर हा साधा शेअर नसतो, प्रेफरन्स शेअर असतो, त्याला जास्तीचे हक्क असतात, पण व्हॅल्युएशन काढताना त्याच महाग शेअरचा भाव फाउंडरच्या आणि कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरलाही लावून टाकतात.

सगळ्यात मोठा हक्क असतो कंपनी विकली किंवा बुडाली तर आधी आपले पैसे काढून घ्यायचा. लग्नातल्या पंगतीसारखं समजा, इन्व्हेस्टरची पंगत आधी उठणार, उरलं तर दुसरी बसणार. आकड्यात बघू. कंपनीने आजवर १० कोटी डॉलर उचललेत, सगळे प्रेफरन्स शेअर, इन्व्हेस्टरांकडे मिळून ४० टक्के मालकी, आणि शेवटच्या राऊंडचं व्हॅल्युएशन ४० कोटी. तुमच्याकडे ०.१ टक्का शेअर आहेत. कागदावर ते झाले ४ लाख डॉलर, माणूस मनातल्या मनात फ्लॅट बुक करून मोकळा होतो. आता कंपनी खरंच ४० कोटींना विकली गेली तर इन्व्हेस्टर आपला ४० टक्के हिस्सा घेतील, १६ कोटी, कारण ते १० कोटींपेक्षा जास्त आहेत, आणि तुम्हाला तुमचे ४ लाख मिळतील. पण समजा बाजार पडला आणि कंपनी १२ कोटींना विकली. ४० टक्क्यांनी इन्व्हेस्टरला मिळाले असते ४.८ कोटी, म्हणून ते हिस्सा न घेता आपले १० कोटी परत मागतात, तसा हक्क आहे. उरले २ कोटी, ते बाकीच्या ६० टक्केवाल्यांत वाटायचे, तुमच्या वाट्याला आले साधारण ३३ हजार डॉलर. काही करारांत इन्व्हेस्टर आधी १० कोटी घेतो आणि वर उरलेल्यातही वाटा घेतो, मग तुमचे होतात २० हजार. आणि कंपनी ९ कोटींना विकली तर? शून्य. बातमीत मात्र "९ कोटी डॉलरना विक्री, फाउंडरचं अभिनंदन" असं येतं आणि ऑफिसात आठ वर्षं घालवलेल्या पोरीला काहीच मिळत नाही.

हे सगळं बेकायदा नाही, लबाडीही नाही, ज्याने रोख पैसे घातले त्याने ते आधी परत मागणं समजण्यासारखं आहे. पण हे ज्याला ईएसओपी, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, देऊन पगार कमी घ्यायला लावलाय त्याला समजावून सांगितलेलं नसतं, आणि याचा मला राग येतो.

मोठ्या खेळाडूंकडे बघितलं की हेच मोठ्या अक्षरात दिसतं. ग्रॅब मूळची मलेशियाची, २०१२ मध्ये टॅक्सी बोलवायचं ॲप म्हणून सुरू झाली. २०१४ मध्ये टेमासेकच्याच व्हर्टेक्स या फंडाने पैसे घातले, कंपनी सिंगापुरात आली, वर्ष संपता संपता जपानच्या सॉफ्टबँक या बड्या इन्व्हेस्टरने २५ कोटी डॉलर दिले. त्या पैशाचं काय केलं, तर ड्रायव्हरला बोनस आणि प्रवाशाला डिस्काउंट, समोरून उबर तेच करत होती, दोघांनी मिळून लोकांना अर्ध्या भाड्यात फिरवलं. मार्च २०१८ मध्ये उबरने हात टेकले, आग्नेय आशियातला धंदा ग्रॅबला दिला आणि बदल्यात ग्रॅबचे २७.५ टक्के शेअर घेतले. तिथल्या स्पर्धा आयोगाने दोघांना मिळून १.३ कोटी सिंगापूर डॉलरचा दंड ठोकला, स्पर्धा संपवली म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये ग्रॅब नॅसडॅकवर आली, आधीच लिस्ट असलेल्या एका रिकाम्या कंपनीत विलीन होऊन, व्हॅल्युएशन ४० अब्ज डॉलरच्या आसपास, आणि पहिल्याच दिवशी शेअर २० टक्क्यांहून जास्त पडला. पहिली नफ्यातली तिमाही यायला २०२३ चं वर्षअखेर उजाडलं.

सी नावाची कंपनी ही दुसरी. २००९ मध्ये गरेना नावाने गेम विकणारी, मग २०१५ मध्ये शॉपी हे ऑनलाइन खरेदीचं ॲप. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १५ डॉलरला आली, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर ३६० च्या वर, आणि साधारण वर्षभरात ५० च्या खाली. भारतात तिचा फ्री फायर गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, शॉपीने पुढच्याच महिन्यात भारतातून काढता पाय घेतला, त्या वर्षी कंपनीने जगभरात हजारो लोकांना घरी पाठवलं.

दोन्ही कंपन्या लिस्ट कुठे झाल्या ते बघितलंत? अमेरिकेत. हे सिंगापूरचं दुखणं आहे. पैसा येण्याची सोय उत्तम, पण बाहेर पडायचं दार अरुंद. तिथल्या शेअर बाजारात लोक बँका आणि रीट (इमारतींच्या भाड्यातून डिव्हिडंड देणारे ट्रस्ट) घेतात, दर सहा महिन्यांनी डिव्हिडंड हवा अशी त्यांची सवय, तोट्यातली टेक कंपनी कोण घेणार? (त्याच बाजारात कॅपिटालँडचा एक ट्रस्ट लिस्ट आहे, हिंजवडीतलं इंटरनॅशनल टेक पार्क बहुतांशी त्याच्या मालकीचं, म्हणजे हिंजवडीतल्या ऑफिसचं भाडं सिंगापूरच्या पेन्शनरला डिव्हिडंड म्हणून जातं.) फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने शेअर बाजारात जान आणायला ५ अब्ज सिंगापूर डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. पैसा ओतून गिऱ्हाईक तयार होईल का याबद्दल मला शंका आहे, गुंतवणूकदाराची सवय बदलायला पिढी जाते.

आणि खात्रीचा देश म्हणून तिथे कुणी फसत नाही असंही नाही. टेमासेकने एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजची आठ महिने तपासणी केली, मग पैसे घातले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते कोसळल्यावर २७.५ कोटी डॉलर पूर्ण बुडीत धरले. पोर्टफोलिओच्या मानाने ती रक्कम ०.०९ टक्के, पण अब्रूचा प्रश्न झाला, संसदेत विषय निघाला, निर्णय घेणाऱ्या टीमचं आणि वरिष्ठांचं मानधन कापलं. मला यात दाद द्यावीशी वाटते ती या शेवटच्या भागाला, आपल्याकडे सरकारी पैसा बुडाल्यावर कुणाचा पगार कापलेला ऐकलाय? झिलिंगो ही फॅशनच्या धंद्यातली कंपनी, भारतीय फाउंडर, २०१९ मध्ये व्हॅल्युएशन ९७ कोटी डॉलर, युनिकॉर्न, म्हणजे १०० कोटी डॉलरची कंपनी, व्हायला तीनच कोटी कमी. २०२२ मध्ये हिशोबावरून वाद पेटला, २०२३ मध्ये लिक्विडेशन, म्हणजे गाशा गुंडाळून असेल ते विकणं. २०२५ च्या सुरुवातीला इंडोनेशियाच्या ईफिशरी या मत्स्यशेतीतल्या कंपनीचे हिशोब फुगवलेले निघाले, तिच्यातही टेमासेक आणि सॉफ्टबँक. धंदा गावोगावच्या तळ्यांवर आणि इन्व्हेस्टर सिंगापुरात एक्सेल शीट बघतोय, हे अंतर करारांनी भरत नाही, कुणीतरी तळ्यावर जाऊन बघायला हवं होतं.

गेल्या चार-पाच वर्षांत उलटा प्रवास सुरू झालाय, त्याला रिव्हर्स फ्लिप म्हणतात. फोनपे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात आली, आणि त्यासाठी तिच्या इन्व्हेस्टरांना जवळपास ८००० कोटी रुपये टॅक्स भरावा लागला, कारण वरचे शेअर सोडून खालचे घ्यायचे म्हणजे कायद्याच्या लेखी विक्रीच. एक रुपया हातात न येता टॅक्स भरायचा! झेप्टो आली. फ्लिपकार्टने २०२५ मध्ये परत यायचं पाऊल उचललं. का येतायत? एक तर पैशाच्या व्यवहारातल्या कंपन्यांचे परवाने आरबीआयच्या हातात, मालक बाहेरचा असला की तिथे अडतं. आणि मुख्य कारण आपण सगळे, दर महिन्याला एसआयपी भरणारे. २०२५ मध्ये महिन्याला २५ हजार कोटींहून जास्त रुपये एसआयपीतून येत होते, एवढा पैसा दर महिन्याला शेअर शोधतोय, तर कंपनीने लिस्टिंगला अमेरिकेत कशाला जावं? ज्याची कमतरता सिंगापूरला भासते ते बाहेर पडायचं दार आपल्याकडे उघडलंय. सप्टेंबर २०२४ पासून परदेशी मालक कंपनी भारतातल्या तिच्या उपकंपनीत विलीन करायला एनसीएलटीचे, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाचे, खेटे न घालता जलद मार्गही मिळालाय. सरकारला थोडं उशिरा सुचलं पण सुचलं. अर्थात लिस्टिंग झाली की फंडाचं दहा वर्षांचं घड्याळ थांबतं आणि शेअर येतो आपल्या म्युच्युअल फंडात, त्यामुळे परत आलेल्या प्रत्येक कंपनीसाठी टाळ्या वाजवायची गरज नाही, भाव काय लावलाय ते बघावं.

तर ज्यांच्या हातात आत्ता ऑफर लेटर आहे त्यांच्यासाठी, तेही वरच्या परदेशी कंपनीच्या ईएसओपीसकट. किती शेअर मिळणार हा आकडा एकटा निरुपयोगी आहे, एकूण शेअर किती ते विचारा. आजवर किती पैसे उचललेत आणि आधी परत घ्यायचा हक्क घातलेल्या पैशाच्या एक पट आहे की जास्त, आणि पैसे घेऊन वर हिस्साही घेता येतो का, हे विचारा, एचआरला माहीत नसेल तर फाउंडरला विचारा, न सांगणारा फाउंडर असेल तर ईएसओपीची किंमत शून्य धरून पगार ठरवा. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात हे बघा, बऱ्याच ठिकाणी तीन महिनेच असतात. शेअर घेतले त्या दिवशीच्या किमतीतून तुम्ही भरलेली रक्कम वजा करून जे उरतं ते भारतात पगारासारखं उत्पन्न धरलं जातं, शेअर विकता येत नसले तरी टॅक्स लागतो. आणि शेअर परदेशी कंपनीचे असतील तर भारतात राहणाऱ्याने ते दरवर्षी रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या शेड्युल एफएमध्ये दाखवायचे असतात, एक पैसा नफा झालेला नसला तरी. विसरलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला, घर-जमीन सोडून, या दंडातून सूट आहे, पण रिटर्नमध्ये दाखवायचं बंधन तसंच आहे, त्यामुळे आयटीआर १ भरून मोकळं होता येत नाही, आयटीआर २ किंवा ३ लागतो.